‘गुदगुल्या’ काढून टाका: प्राण्यांचे व्हिडिओ फिरवणाऱ्या मराठी पेजचालकांना खुले पत्र

प्रति,
प्राण्यांच्या व्हिडिओंना मराठी आवाज लावून ते फिरवणारे पेजचालक आणि रीलवाले,
तसेच तालुक्या-जिल्ह्याच्या वृत्तपोर्टलांचे संपादक

स. न. वि. वि.

तो व्हिडिओ पुन्हा आला आहे. पलंगावर उताणा पडलेला, बटबटीत डोळ्यांचा, लोकरीच्या गुंड्यासारखा एक जीव. कोणाचं तरी बोट त्याच्या काखेत फिरतं आणि तो दोन्ही हात डोक्याच्या वर नेतो. बोट थांबतं, हात वरच राहतात. खाली मजकूर: ‘आई, अजून गुदगुल्या कर ना!’ मागे बोबड्या बोलातलं डबिंग. एका पेजवर त्याचं नाव ‘छोटं अस्वल’, दुसऱ्यावर ‘माकडाचं पिल्लू’, तिसऱ्यावर ‘स्लॉथ’. तो स्लो लोरिस आहे, माकडांचा लांबचा नातलग, रात्री फिरणारा. पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला आहे, आणि भ्यायलेला आहे.

जप्त झालेल्या, तारेला चिकटून भाजलेल्या, कोणीतरी हौसेने पाळून मग नकोशा झालेल्या वन्यप्राण्यांची देखभाल करणारी आम्ही माणसं. तुमच्या पेजवरचं कौतुक ओसरलं की पुढचा भाग आमच्या टेबलावर येतो, एवढाच या पत्रामागचा आमचा स्वार्थ. कोणा एकाचं नाव घेत नाही. घेतलं तर यादी लांबेल, आणि बहुतेकांनी हे अजाणता केलं आहे याची आम्हाला खात्री आहे.

आधी त्या वर गेलेल्या हातांचं बोलू, कारण सगळा घोटाळा तिथे आहे.

स्लो लोरिसच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, एक ग्रंथी असते. धोका वाटला की तिच्यातून उग्र वासाचा तेलकट स्राव येतो. तो चाटला की त्यात लाळ मिसळते आणि विष तयार होतं. खालच्या जबड्यातले पुढचे सहा दात, म्हणजे चार पटाशीचे आणि दोन सुळे, बारीक फणीसारखे एकमेकांना लागून आणि पुढे झुकलेले असतात. त्यांच्या फटींतून हे मिश्रण वर चढतं आणि चाव्यात उतरतं. आख्ख्या नरवानर गणात विषारी म्हणून ओळखला जाणारा हा एकटाच गट. चावा बसला की जागा सुजते, मांस सडतं, जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. काही माणसांना त्याची तीव्र ॲलर्जी होऊन श्वास कोंडल्याच्या आणि रक्तदाब कोसळल्याच्या नोंदी आहेत.

ही ग्रंथी तोंडाजवळ आणायची तर हात डोक्यावर न्यावे लागतात. ज्याला तुम्ही गुदगुल्यांचा आनंद म्हणता ती चावण्याआधीची तयारी आहे. पुंगीपुढचा नाग ‘नाचत’ नसतो, फणा काढून सावध झालेला असतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही आता कळतं. लोरिसच्या बाबतीत तेवढंच समजून घ्यायचं आहे.

मग तो चावत का नाही, असा प्रश्न तुमच्या कमेंटमध्ये कोणी विचारलेला दिसला नाही. चावायला बहुतेक वेळा दातच ठेवलेले नसतात. आग्नेय आशियातल्या बाजारांत लोरिस विक्रीला ठेवण्याआधी त्याचे पुढचे दात नखं कापायच्या कटरने किंवा पक्कडीने तोडतात. भूल देत नाहीत. दात मुळासकट निघत नाही, हिरडीशी मोडतो. आतला जिवंत गर उघडा पडतो, तिथे पू होतो, पू जबड्याच्या हाडात उतरतो आणि पुढे रक्तात. कित्येक तिथेच मरतात. जो जगतो तो पुन्हा रानात सोडता येत नाही, कारण या दातांचं खरं रोजचं काम चावण्याचं नसून झाडाची साल खरवडण्याचं आहे. साल खरवडायची, डिंक पाझरू द्यायचा आणि तो चाटायचा. डिंक, फुलांतला मध आणि किडे हा त्याचा आहार. एकमेकांचे केस विंचरायलाही तीच फणी लागते. दात गेले की त्याला रानातलं जेवणही करता येत नाही आणि स्वतःचा बचावही.

आता तोच व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. खोलीत लख्ख उजेड आहे. लोरिस रात्रीचा प्राणी. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो, मांजरासारखा, जो अंधारातला थोडका प्रकाश परतवून दुसऱ्यांदा वापरतो. असा डोळा ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलच्या टॉर्चपुढे धरणं म्हणजे छळ. रात्रीच्या पाहणीत आम्ही दिव्यावर लाल कागद लावतो तो त्याचसाठी. पुढे पाहा: त्याच्या हातात धरायला काही नाही. लोरिसची पकड सांडशीसारखी असते. अंगठा उरलेल्या बोटांच्या थेट समोर येतो, तर्जनी नावापुरती उरलेली असते आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं असं असतं की तासन्‌तास फांदी धरूनही हात भरून येत नाही. त्याला गादीवर उताणं पाडणं म्हणजे त्याचा सगळा आधार काढून घेणं. पोट पाहा. गोल गरगरीत पोट हे खाऊनपिऊन सुखी असल्याचं लक्षण नाही. केळी, भात, बिस्किटं यांवर ठेवलेले लोरिस लठ्ठ होतात, त्यांना मधुमेह जडतो, उरलेसुरले दात किडतात, मूत्रपिंडं बिघडतात. भाताचा गोळा दोन हातांत धरून खाणारा लोरिस तुमच्याकडे ‘क्यूट भूक’ या नावाने फिरतो, तोही यातलाच.

हे आमचं एकट्याचं मत म्हणून सोडून देऊ नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव स्लो लोरिसचे १०० ऑनलाइन व्हिडिओ तपासले गेले. माणसाची हाताळणी, दिवसाचा उजेड, ताणाची किंवा आजाराची चिन्हं, अनैसर्गिक जागा आणि एकटेपणा, असे पाच निकष होते. यातला एकही दोष नसलेला व्हिडिओ त्या शंभरांत सापडला नाही. शंभरात शून्य!

तुमची बाजू आम्हाला ठाऊक आहे: व्हिडिओ आमचा नाही, परदेशातला आहे, आम्ही फक्त पुढे पाठवला. बरोबर. गुदगुल्यांचा मूळ व्हिडिओ २००९ चा. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००७ मध्ये, सर्व स्लो लोरिस वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले होते, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला होता. दार कागदावर बंद झालं आणि मागणीची खिडकी या असल्या व्हिडिओंनी उघडली. आणि ‘परदेशातला’ हेही अर्धवटच आहे. बंगाल स्लो लोरिस आपल्या ईशान्येकडच्या रानांत राहतो. बंगालीत त्याला ‘लज्जावती बानर’ म्हणतात, कारण बिचकला की तो तोंड दोन हातांत लपवून गोळा होतो. ती लाजही तुम्ही उद्या विनोदाला वापराल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या शेजारी.

लोरिसचाच नातलग असलेल्या लेमूरबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये ‘पाठ खाजवायला सांगणारा’ शेपटीवर कडी असलेला लेमूर जगभर फिरला. त्यावर २०१९ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं: व्हिडिओ गाजत होता त्या दिवसांत ‘मला असा पाळायचाय’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ट्विटरवर स्पष्ट वाढलं होतं. लेमूर रानात फक्त मादागास्करला आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर असतात. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०२० साली उरलेल्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात होत्या आणि ३३ नामशेष होण्याच्या अगदी काठावर. हे प्राणी कळपाने राहतात, कळपात मादीचं चालतं, आणि एकटा वाढवलेला नर वयात आला की घरातल्यांना फाडतो. मग त्याचे सुळे काढतात किंवा त्याला पिंजऱ्यात डांबतात. २०२४ मध्ये थायलंडमध्ये एकाच कारवाईत ४८ लेमूर आणि बाराशेहून अधिक कासवं पकडली गेली, सगळी मादागास्करहून चोरून आणलेली. बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून विदेशी प्राणी निघाल्याच्या बातम्या तर तुम्हीच छापता. एका टॅबमध्ये ती बातमी आणि दुसऱ्यात ‘असा गोंडस लेमूर तुमच्या घरी असता तर?’ ही पोस्ट. एकाच संपादकाच्या हाताखालून दोन्ही जातात याचं आम्हाला खरोखर नवल वाटतं.

पण या पत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आपल्या दाराशी असलेल्या लोरिसचा आहे, आणि तो विशेषतः वृत्तपोर्टलांसाठी आहे.

स्लेंडर लोरिस, वीतभर अंगाचा, पाव किलोच्या आतबाहेर वजनाचा, शेपूट नसलेला, काटक्यांसारखे हातपाय असलेला. कानडीत ‘काडु पापा’, रानातलं तान्हं. तमिळमध्ये ‘तेवांगु’. गोव्यात मोले आणि खोतीगावच्या जंगलांत तो आहे, खाली कर्नाटक-केरळच्या घाटांत आहे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या झाडांवरही त्याची नोंद आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये त्याच्यासाठी कडवूर इथे ११,८०६ हेक्टरचं स्वतंत्र अभयारण्य जाहीर केलं. आपल्याकडे तो सापडला की बातमी होते आणि बातमीत पुढच्या चुका हमखास असतात.

गावाचं, वाडीचं, कधीकधी बागमालकाचंही नाव छापलं जातं. लोरिस उडी मारत नाही. एका फांदीवरून दुसरी हाताने धरून मगच पहिली सोडतो. त्यामुळे तो आज जिथे दिसला त्याच पाचपन्नास झाडांत उद्याही असतो. तुम्ही पत्ता दिलात की पकडणाऱ्याचं निम्मं काम झालं.

किंमत छापली जाते. मांडुळाचं काय झालं ते आठवा. ‘कोट्यवधींचं मांडूळ जप्त’ अशा मथळ्यांनी एका निरुपद्रवी सापाला गुप्तधनाचा किल्लीवाला करून ठेवलं. ज्यांनी आयुष्यात साप धरला नव्हता ते विहिरी-बांध धुंडाळायला लागले. लोरिसच्या अंगाला वशीकरणाच्या, करणीच्या आणि डोळ्यांच्या औषधाच्या समजुती आधीच चिकटलेल्या आहेत. दक्षिणेत त्यापायी त्याचे हातपाय मोडलेत, डोळे काढलेत. ‘काळ्या जादूसाठी लाखोंची मागणी’ ही ओळ तुम्ही इशारा म्हणून लिहिता, वाचणारा ती जाहिरात म्हणून वाचतो. मादागास्करमध्ये आय-आय नावाच्या लेमूरलाही ‘दिसला की मरण’ म्हणून मारतात. अंधश्रद्धेला भूगोल लागत नाही, पण तिला भाव कळवणारा बातमीदार लागतो.

‘आईने टाकलेलं पिल्लू’ हा तिसरा प्रकार. लोरिसची आई रात्री किडे शोधायला जाताना पिल्लाला फांदीवर चिकटवून ठेवते आणि नंतर येऊन घेऊन जाते. तुम्ही ज्याला वाचवलं म्हणता त्याला बऱ्याचदा पळवलेलं असतं. पिल्लू फांदीवर घट्ट बसलेलं असेल, जखम नसेल, तर त्याला हात लावायचा नाही. लांबून, दिवा न लावता, पहाटेपर्यंत वाट पाहायची.

‘एलियन’ आणि ‘माणसाचा पूर्वज’ या मथळ्यांवर फार शाई घालवत नाही. लोरिस आणि लेमूर यांची शाखा आपल्या शाखेपासून सहा कोटी वर्षांच्याही आधी वेगळी झाली. ते आपले आजोबा नव्हेत, लांबचे चुलत. ‘आदिम’ म्हणजे मागे राहिलेला नव्हे. त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व अजून तयार होतं, आपल्याला त्यासाठी आवळा-लिंबू खावं लागतं. यात पुढारलेला कोण ते तुम्हीच ठरवा.

आणि तुमच्या बातमीतल्या फोटोतली ती नेहमीची चौकट: चारजण, मध्ये एकाच्या मुठीत लोरिस, समोरून फ्लॅश. त्याऐवजी काय करायला हवं होतं ते इथे देतो, म्हणजे पुढच्या वेळी बातमीसोबत हेच छापता येईल.

लोरिस रस्त्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर दिसला तर गर्दी हटवायची, कुत्री बांधायची. हाताने ओढायचं नाही. तो धरलेली वस्तू सोडत नाही, ओढाताणीत त्याची बोटं किंवा खांदा मोडतो. बोटाएवढ्या जाडीची काठी त्याच्या हातांपुढे धरायची; तो स्वतः तिच्यावर येतो, मग काठीसकट उचलायचा. हातात चामड्याचे मोजे हवेत, या लोरिसला स्लो लोरिससारखं विष नसलं तरी चावा खोल बसतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला बाजूंनी भोकं पाडायची, आत एक आडवी काठी हलणार नाही अशी पक्की बसवायची, तळाला सुती कापड. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. खोका अंधारात, शांत जागी ठेवायचा. दूध नाही, केळं नाही, बिस्किट नाही. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावायचा, इतरत्र जवळचं वनकार्यालय.

विजेचा धक्का बसल्याचा जरासा संशय असला तरी डॉक्टर हवाच, प्राणी चालता-फिरता असला तरीही. धक्क्याने आतल्या रक्तवाहिन्या जळतात आणि बोटं, हात काळे पडायला दोन-चार दिवस जातात. पहिल्या दिवशी ‘सुखरूप सोडला’ अशी बातमी होते, पाचव्या दिवशी तो झाडाखाली मेलेला असतो आणि ती बातमी होत नाही. धडधाकट असेल तर त्याच रात्री, त्याच झाडोऱ्यात सोडायचा. ‘दूर घनदाट जंगलात’ नेऊन नव्हे. तिथे त्याला ना झोपायचं झाड माहीत, ना वाट, आणि तिथली जागा दुसऱ्याच्या मालकीची असते.

कायद्याचा धाक घालायला हे पत्र नाही, पण तुमच्या वाचकांना एवढं तरी सांगा. देशी लोरिस पकडणं, पाळणं किंवा विकणं हा पहिल्या अनुसूचीचा गुन्हा आहे: कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. विदेशी लोरिस-लेमूरसाठी २०२२ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. ‘कागद आहेत’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे ते आयातीचे आहेत की फक्त त्याच्या शिक्क्याचे, हे विचारायचं धैर्य ग्राहकात क्वचित असतं.

तर आमच्या मागण्या.

हात वर केलेल्या, पलंगावरच्या, भात खाणाऱ्या, छत्री किंवा काटा-चमचा धरलेल्या लोरिसचे व्हिडिओ पेजवरून काढा. नुसते लपवू नका, काढा. ते पुन्हा आले तर डबिंग करू नका. ‘जनजागृतीसाठी’ म्हणून मूळ व्हिडिओ खाली टीप लिहून पुन्हा टाकणं हाही उपाय नाही. आवाज बंद करून पाहणारे टीप वाचत नाहीत. ज्यांना या विषयावर पोस्ट हवीच आहे त्यांनी रानातला, माणसाचा हात नसलेला फोटो लावून हा मजकूर बिनदिक्कत वापरावा, आमचं नाव नको: ‘हा लोरिस. रात्री फिरतो, डिंक आणि किडे खातो. हात वर केले म्हणजे घाबरला आहे. पाळणं गुन्हा आहे. दिसला तर उजेड पाडू नका, वनविभागाला कळवा.’

बातमीत ठिकाण सांगायचं तर तालुक्यापुरतं सांगा. फोटो टाकण्याआधी त्यातली जागेची माहिती पुसा. बाजारातली किंमत आणि कशासाठी वापरतात याचं वर्णन मथळ्यातूनही काढा आणि मजकुरातूनही. मुठीत धरलेल्या प्राण्याचा फोटो छापू नका, तो वनरक्षकाच्या मुठीत असला तरी. छापायला दुसरा नसेल तर खोक्याचा छापा.

‘कुठे मिळेल?’, ‘किती पडेल?’ अशा कमेंट रोज तपासून उडवा. त्याला उत्तर म्हणून कोणी ‘इनबॉक्स करा’ लिहिलं तर स्क्रीनशॉट घेऊन वनविभागाकडे द्या, मग उडवा. हे काम कंटाळवाणं आहे. ज्यांनी प्राण्यांवर लाखभर फॉलोअर जमवले त्यांनी ते करावं असं आम्हाला वाटतं.

चुकून टाकलेल्या व्हिडिओबद्दल माफीनाम्याची आमची मागणी नाही. दुरुस्ती हवी आहे, आणि ती मूळ पोस्ट जितक्या ठळकपणे दिसली तितक्याच ठळकपणे.

आपले,
रात्रीच्या प्राण्यांबरोबर काम करणारे काहीजण

ता. क. हे लिहिताना ज्या पोस्टपासून सुरुवात केली तिच्याखाली ‘पुण्यात मिळतो का?’ या प्रश्नाला कोणीतरी एक मोबाइल क्रमांक देऊन ठेवला आहे. तो अजून तिथेच आहे. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग क्रमांक काढा. बाकीच्या मागण्या त्यानंतर वाचल्या तरी चालतील.